टाके सुकले, पुढे काय?

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी बाई डॉक्टरांकडे जाते. तिथे टाके बघतात, गर्भपिशवी जागेवर आली का ते बघतात, रक्तदाब घेतात, हिमोग्लोबिन बघतात. बाळ अंगावर पितंय ना, पुढच्या पाळण्याचं काय ठरवलंय, हेही विचारतात. माझ्या बाबतीत हे सगळं नीट आणि आपुलकीने झालं. "टाके छान सुकलेत, आता नेहमीची कामं करायला हरकत नाही," असं सांगून मला घरी पाठवलं. शिंकल्यावर लघवी होते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय असलं काही आपणहून सांगायची आपल्याकडे रीत नाही.

होत होती. शिंक आली की, खोकला आला की, बाळाला उचलून एकदम उभं राहिलं की. संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटायचं. रात्री आडवं झालं की ते जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

माझं माहेर लालबागला. पहिले दोन महिने तिथेच होते. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, जेवल्यावर बाळंतशोपा, ओवा-वावडिंगाची धुरी, सगळं यथासांग. मालीशवाल्या मावशी रोज सकाळी यायच्या. दिवसभरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असायचं. त्या तेवढ्या वेळात कुणीतरी फक्त माझ्या अंगाकडे बघत होतं, याचं मोल मी आजही मानते. अंघोळ झाली की मावशी जुन्या सुती साडीने पोट बांधून द्यायच्या. "आत्ता बांधलं नाहीस ना पोरी, तर पोट सुटतं ते कायमचं."

आईला लघवीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, होतं असं. आमच्या वेळीही व्हायचं. बाईचा जन्म म्हटला की हे आलंच." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, तिने तिच्या आजीचं सांगितलं. रत्नागिरीकडच्या गावात, सात बाळंतपणं झालेली, अंग बाहेर यायचं. कापडाची घडी लावून ती दिवसभर चिखलात उभी राहून भात लावायची. घरात सगळ्या बायकांना माहीत होतं आणि पुरुषांपैकी एकालाही नाही. आईने हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिने जे पाहिलं होतं, त्यातूनच ती बोलत होती; तिला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एकीला लघवीवर ताबा राहत नाही, हे मी पुढे वाचलं तेव्हा वाटलं, इतक्या जणींना होतं म्हणून ते सोसायचं, हा हिशेब कुठला?

रजा संपली आणि मी भांडुपहून दादरला शाळेत जायला लागले. मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते, आणि शाळेच्या लेझीम पथकाचं कामही माझ्याकडे असतं. साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढवला की पोटातला दाब वाढतो. तो दाब खाली जातो. हे कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. "शांत बसा" म्हणताना पॅड ओलं होतंय, एवढंच कळायचं. मुलांसमोर उभं राहून ते सहन करणं फार अवघड होतं. मी पाणी कमी प्यायला लागले. आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण बहुतेक जणी तसंच करतात. मुंबईत बायकांना बाहेर लघवीला जायची सोय मिळावी म्हणून २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालली आहे. तरी लोकलने येणारी-जाणारी बाई घरून निघताना पाण्याची बाटली भरते आणि भरलेलीच परत आणते. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, मग थोड्याशा लघवीनेही घाई होते. म्हणजे पाणी तोडल्याने त्रास वाढतच होता.

मग मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी खुर्चीत बसल्या बसल्याच सगळं सांगून टाकलं. जंतुसंसर्ग नाही ना यासाठी लघवीची तपासणी झाली. आतून तपासून त्या म्हणाल्या, "मूत्राशयाकडची भिंत थोडी सैल होऊन खाली आलीये. पहिल्या पायरीचं आहे, ऑपरेशनचा प्रश्नच नाही. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडे जा." फिजिओथेरपी म्हणजे गुडघे, खांदे आणि अर्धांगवायू, अशी माझी समजूत. बाळंतिणीसाठी वेगळं शिक्षण घेतलेल्या फिजिओ असतात, आणि मुंबईत त्या बऱ्यापैकी मिळतात, हे तेव्हा कळलं. मी माटुंग्याला एका खासगी दवाखान्यात गेले. फी आम्हाला जड होती, हे सांगायला हवं. ज्यांना तेवढं झेपत नाही त्यांच्यासाठी केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, केसपेपर काढून तिथे दाखवता येतं. रांग लागते, पण माणसं शिकलेली असतात. देशात फिजिओथेरपीचं शिक्षण केईएममध्येच पन्नासच्या दशकात सुरू झालं.

पहिल्या भेटीत व्यायाम एकही झाला नाही. मॅडमनी आधी मला बोलू दिलं. बाळाचं वजन किती होतं, कळा किती वेळ दिल्या, चिमटा लावला होता का, टाके कुठल्या बाजूला, शी कशी होते, वारा आवरतो का, नवऱ्याशी जवळीक करताना दुखतं का. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प झाले, तर त्या म्हणाल्या, "दुखत असेल तर सांगा, तो पण याच स्नायूंचा भाग आहे." दुखत होतं. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग तीन दिवसांची वही लिहायला दिली: किती वाजता किती पाणी, किती चहा, किती वाजता लघवी आणि मापाच्या भांड्यात ती किती मिलिलिटर, गळली तर काय करताना. आंघोळीच्या बादलीशेजारी ते भांडं ठेवून तीन दिवस मी सगळं लिहून काढलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. माझ्या वहीत शंभर, नव्वद, एकशे वीस असे आकडे होते. पुढे सोय मिळेल न मिळेल म्हणून मी जिथे दिसेल तिथे जाऊन येत होते, आणि मूत्राशयाला तेवढ्यावरच हाक मारायची सवय लागली होती.

दुसऱ्या भेटीत तपासणी. आधी पोट. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि डोकं थोडं वर उचलायचं. त्यांनी बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. पोटाच्या मधोमध वरून खाली जाणारी एक पट्टी असते, दोन्ही बाजूंचे स्नायू तिला जोडलेले असतात. गरोदरपणात ती ताणली जाऊन रुंद होते. माझ्या बाबतीत अडीच बोटं जात होती. "रुंदीपेक्षा बोटाखाली ताण लागतो का ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "श्वास सोडत डोकं उचला." तसं केलं तेव्हा बोटाखालचा भाग किंचित घट्ट झाला, हे मलाही माझ्या बोटांनी जाणवलं. नुसतं डोकं उचललं तर पोट मधोमध वर फुगायचं, श्वास सोडत उचललं तर फुगवटा कमी. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत ही फट आपोआप बरीच भरते, पुढचं काम स्नायूंना करायला लावावं लागतं. मावशींच्या साडीबद्दलही मी विचारलं. हलका आधार म्हणून बांधलं तर पाठीला बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही; पण करकचून बांधलं तर पोटातला दाब जायला खालीच वाट उरते, असं त्यांनी समजावलं.

मग आतली तपासणी. पडदा ओढला, अंगावर चादर दिली, काय करणार ते आधी सांगितलं, "नको म्हणालात तर आज करणार नाही, कधीही थांबवा म्हणा," असंही सांगितलं. हातमोजा, जेल आणि एक बोट. भिंतीवर चित्र होतं, त्यावरून त्यांनी दाखवलं होतं: पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत हे स्नायू बाळाच्या झोळीसारखे टांगलेले असतात, वर मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय. "शू थांबवायची आणि वाराही सोडायचा नाही, असं दोन्ही एकदम करा. आवळा, आणि आत वर ओढून घ्या." मी ओढलं. "आता सोडा. अजून सोडा. अजून." मला वाटत होतं मी कधीच सोडलंय. त्यांच्या बोटाला जाणवत होतं की पूर्ण सुटलेलं नाही.

शून्य ते पाच असं या ताकदीचं मोजमाप असतं. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, पाच म्हणजे जोरकस. माझं दोन आलं. आवळलं जात होतं, वर उचललं जात नव्हतं, आणि तीन सेकंदांत पकड सुटायची. उजवीकडे, जिथे टाके होते, तो भाग कडक आणि दुखरा. म्हणजे एकाच जागी एक बाजू दुबळी आणि एक बाजू आखडलेली.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. दवाखान्यातून घरी येताना आपल्या हातात एक कागद पडतो, त्यावर इतर दहा सूचनांत एक ओळ असते: केगल व्यायाम करा. डॉ. अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ मध्ये त्यांनी हे खालचे स्नायू आवळायच्या-सोडायच्या या व्यायामावरचा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत आधी बोटाने तपासणी होती, आणि दाब मोजणारं पेरिनिओमीटर नावाचं उपकरण होतं. बाईने योग्य स्नायू आवळला की काटा हलायचा आणि तो बघत बघत ती शिकायची. पुढे व्यायाम जगभर गेला, तपासणी आणि काटा मागेच राहिला. आपल्यापर्यंत आली ती फक्त ती ओळ. मॅडमनी सांगितलं, बऱ्याच जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, काही जणी मांड्या आणि कुल्ले आवळतात, काही श्वास रोखून धरतात. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. खाली जोर देऊन महिनोन्‌महिने मनापासून व्यायाम करणारी बाई स्वतःचा त्रास वाढवत असते, आणि वर तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आमच्याच शाळेतल्या एका मैत्रिणीचं उलट होतं: तिचे स्नायू इतके आखडलेले होते की तिला आवळायचा व्यायाम बंद करून आधी फक्त सैल सोडायला शिकवलं. तिलाही लघवी गळायचीच. त्रास एक, उपाय उलटा. बोट लावून बघितल्याशिवाय हे कुणाला कळणार होतं?

व्यायामाची सुरुवात श्वासापासून झाली. उताणं झोपून, गुडघे दुमडून, एक हात बरगड्यांवर. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, त्याबरोबर खालचे स्नायूही सैल होऊन खाली जातात. श्वास सोडताना दोन्ही वर. पहिला आठवडाभर मी एवढंच केलं. आपण काही करत नाही आहोत असं वाटायचं, पण सैल सोडणं मला त्याच आठवड्यात आलं. मग श्वास सोडत आवळायचं, वर घ्यायचं, धरायचं, आणि जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ सोडायला द्यायचा. आधी तीन सेकंद, मग वाढवत दहापर्यंत. एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. त्याशिवाय पटकन आवळून पटकन सोडायचे काही. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

सासूबाई बागेत योगासनांना जातात. मी चटईवर पडलेली बघून त्या म्हणाल्या, "अगं, हा तर मूलबंध." खरंच, हठयोगातला मूलबंध याच जागेवरचा. मॅडमना विचारलं तर त्यांना आनंदच झाला, फक्त सध्या श्वास रोखून करू नका म्हणाल्या. त्यानंतर संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी चटया टाकायला लागलो. सासूबाईंनाही शिंकताना त्रास होता, हे त्यातूनच निघालं. पासष्टीच्या वयात त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली.

घरी बाळ झोपेल तेव्हा करू म्हणाल तर काही होत नाही, कारण बाळ झोपलं की दहा कामं उभी असतात. मी सकाळचा व्यायाम लोकलला जोडला. भांडुपला बसायला मिळणं नशिबाची गोष्ट, पण घाटकोपरपर्यंत कुणीतरी उठतं. तिथून विद्याविहार, कुर्ला, सायन. दोन स्टेशनांच्या मधे आवळायचे, गाडी स्टेशनात थांबली की सोडायचं. बसायला नाही मिळालं तर उभ्याने, ते जास्त अवघड, कारण वरचं सगळं वजन झेलत करावं लागतं. लेडीज डब्यात शेजारणीच्या गजऱ्याचा वास, कुणाची चाललेली पालेभाजीची निवड, आणि माझं हे काम. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

त्याच सुमारास सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट शिकले. शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळायचा, आणि शिंक होऊन जाईपर्यंत धरायचा. बाळाला उचलायच्या आधी, पाण्याचा हंडा उचलायच्या आधी तसंच, आणि उचलताना श्वास सोडायचा. सुरुवातीला लक्षात ठेवून करावं लागायचं. घाई लागली तर धावत सुटायचं नाही. जागेवर थांबायचं, चार-पाच वेळा पटापट आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग शांतपणे चालत जायचं. त्या वहीतले आकडे हळूहळू अडीचशे-तीनशेवर आले. पाणी वाढवलं, शाळेतला चहा कमी केला, कारण चहा-कॉफीनेही मूत्राशय चिडतं.

शौचाकडे त्यांनी इतकं लक्ष का दिलं, ते मला आधी समजेना. लोहाच्या गोळ्यांनी माझं पोट कडक झालं होतं, आणि रोज कुंथणं म्हणजे दिवसभराच्या व्यायामावर पाणी. आमच्या घरी कमोड आहे. मॅडमनी पायाखाली काहीतरी उंच घ्यायला सांगितलं, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि मागची वाट सरळ होते. सासूबाईंनी माळ्यावरचा जुना पाट काढून दिला, तो अजून तिथेच आहे. टाक्यांच्या कडक भागाला तेल लावून अंगठ्याने हलका मसाज मी स्वतः करायला शिकले. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक राहते, जवळीक करताना दुखायचं ते एक कारण होतं. त्यावर डॉक्टरांनी वेगळा उपाय दिला. नवऱ्याला मी भिंतीवरच्या त्या चित्राचा फोटो दाखवून सगळं समजावलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगतच नाही." त्यानंतर रात्री बाळाला पाळण्यातून उचलून माझ्या कुशीत द्यायचं काम त्याने घेतलं.

पोटाचे व्यायाम याच्या जोडीने वाढत गेले. आधी झोपून एकेक टाच सरकवायची, मग कंबर उचलून सेतूबंध, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पुढे वजन घेऊन उठाबशा. प्रत्येक वेळी बघायचं एकच: पोट मधोमध वर फुगतंय का, खाली जडपणा येतोय का. आलं तर एक पायरी मागे. पोट आत जावं म्हणून बाळंतपणानंतर लगेच सिटअप्स मारणाऱ्या मुली मला दिसतात, त्यांना थांबवून हे सांगावंसं वाटतं. पलंगावरून उठतानासुद्धा सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, हाताने रेटा द्या आणि उठा.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. पहिला महिना काहीच फरक कळला नाही. मग बरं वाटायला लागलं, आणि पावसाळ्यात बाळाची सर्दी मला लागली. खोकल्याने दोन आठवडे छळलं, गळणं पुन्हा सुरू झालं, आणि मी रडले. फोनवर मॅडम म्हणाल्या, "खोकला गेला की स्नायू पुन्हा तिथेच येतील, जिथे होते." आले. साधारण तीन महिने झाले असतील, सकाळच्या प्रार्थनेला मी मुलांच्या रांगेजवळ उभी होते, लागोपाठ तीन शिंका आल्या. आवळायचं मी ठरवलंही नव्हतं, ते आपलं आपण झालं. काही गळलं नाही. शेजारच्या बाईंनी "शतायुषी व्हा" म्हटलं, आणि मी इतकी हसले की त्या बघतच राहिल्या. हसतानाही काही झालं नाही.

तिसऱ्या तपासणीत दोनाचे चार झाले होते. पोटाची फट दीड बोट, आणि तिथे आता चांगला ताण लागत होता. मूत्राशयाकडची भिंत पूर्वीच्या जागी गेली असं कुणी म्हणालं नाही, पण संध्याकाळचा जडपणा बहुतेक दिवस नसतो.

मग मी लेझीमचं विचारलं. मला ते परत हवं होतं. लेझीम म्हणजे खोल वाकणं, उकिडवं होऊन झटक्यात उठणं, एका पायावर उडी, वळून पुन्हा उडी, आणि हे सगळं हलगीच्या ठेक्यावर, ठेका वाढत जाणार. मॅडमना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांनी मला दवाखान्यात हाताने लेझीम धरल्यासारखं करून एकेक हात करून दाखवायला लावला, आणि कागदावर त्याचे तुकडे लिहून घेतले. आधी नुसतं टाचा उचलणं. मग दोन पायांवर छोटी उडी. मग वाकून उठणं, उठताना श्वास सोडत. मग एका पायावर. प्रत्येक तुकडा गळलं नाही, जड वाटलं नाही, दुखलं नाही, तर पुढचा. बाळंतपणानंतर धावणं-उड्या मारणं निदान तीन महिने तरी नको, आणि तीन महिने झाले म्हणून आपोआप चालतं असंही नाही. शरीर काय सांगतं त्यावर ठरवायचं.

या वर्षी स्नेहसंमेलनाच्या सरावाला मी मुलींसोबत उभी राहिले. संथ ठेक्याचे हात सगळे करते. जलद ठेक्याला बाजूला होऊन शिट्टी वाजवते. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही का थांबता?" मी तिला खरं ते सांगितलं, तिच्या वयाला समजेल असं: बाळ झाल्यावर पोटाखालचे स्नायू दमतात, त्यांना परत ताकद द्यावी लागते, मी ती देते आहे. तिने मान डोलावली आणि पुन्हा रांगेत गेली.

आता आमच्या नात्यात किंवा शाळेत कुणी बाळंत झाली की मी लाडवांचा डबा घेऊन जाते आणि बाळाला मांडीवर घेतल्यावर थेट विचारते: शिंकताना काय होतं? खाली जड वाटतं का? शी आवरते का? सिझेरियन झालेल्यांनाही विचारते, कारण नऊ महिने वजन त्याही स्नायूंनीच पेललेलं असतं. शी गळत असेल, बाहेर काही गोळ्यासारखं हाताला लागत असेल, लघवीत रक्त असेल, ताप असेल किंवा लघवी होतच नसेल, तर फिजिओच्या आधी डॉक्टर, आणि लगेच. अंग बरंच खाली आलं असेल तरी ऑपरेशन हाच एक मार्ग नसतो. आत बसवायची पेसरी नावाची रिंग मिळते, तिने पुष्कळ जणींची कामं सुरळीत चालतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजीला एवढं मिळालं असतं तर."

दोरीवरच्या उड्या मी अजून सुरू केलेल्या नाहीत. एका पायावरच्या सलग उड्यांना शेवटी शेवटी थोडा जडपणा येतो, म्हणून मॅडमनी सध्या तिथेच थांबवलंय आणि वजन घेऊन उठाबशा वाढवल्यात. लोकलमधला सराव चालू आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत.